उष्टावणाचा तांदूळ

रेश्मा सूनबाई,

ओमच्या उष्टावनाला ठेवलेला आपल्या शेतातला तांदूळ शिजवू नको. दुकानातून आनलेला चुलीपाशी ठेवलाय.

तांदूळ नि मातीच्या तपासनीचा कागद आला. मातीतलं शिसं दान्यात उतरलंय, अंगी लागायचं सत्त्वबी कमी झालंय. कारखान्याचा गाळ फुकट मिळतो म्हनून दोन वरसं खाचरात मीच टाकून घेतला. भात लई जोमात आला, मला वाटलं खतच हाय.

मी पारनेरला लेकीकडं चालले. पंकजाला दिलेलं पोतं परत आनायचं हाय. फोनवर सांगायला जीभ रेटंना.

ओमचं रक्त तपासून घे. तुझंबी.

तू पोटुशी हुतीस तवा ‘घरचा हाय, अजून घे’ म्हनून मीच तुला वाढायचे.