नाव घेऊन केलेली प्रार्थना

१६ जानेवारी, गुरुवार

आज प्रार्थनासभा आमच्याच घरी. अकरा बाया आल्या. कित्येक दिवसांत अशी प्रार्थना तोंडून निघाली नव्हती! शब्द कसे पाटाच्या पाण्यासारखे आले. समोरच्या गौहरच्या आसियासाठी मागितलं — नाव घेऊनच मागितलं. ईद झाली की पोरीचा निकाह आहे, भिगवणच्या मोईनशी. लहानपणापासून तिला फिट येतात. दोन वर्षं गोळ्यांवर एकही आली नाही, पण आईचा जीव टांगलेला. "प्रभू, या लेकराला सैतानाच्या बंधनातून सोडव," म्हटलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. साखरबाई तर रडली.

गौहर काल तिच्या मसाल्याच्या यंत्रावर मिरची कांडता कांडता म्हणाली होती, "मावशी, कुणाला बोलू नका. मोईनच्या घरच्यास्नी मीच सांगणार हाय, जरा वेळ बघून." मी कुणाला सांगितलं? देवालाच सांगितलं.

२१ जानेवारी, मंगळवार

भिगवणहून गौहरला फोन आला. सोयरीक मोडली. "मुलीच्या अंगात सैतान हाय म्हणं."

सैतान! गौहरच्या घरात हा शब्द कधी कुणी काढला नाही. डॉक्टरनंही नाही. हा शब्द माझा.

बावीस वर्षं दवाखान्यात आया होते मी. आसियाला पहिली फिट आली तेव्हा कुशीवर वळवून मीच धरली होती. डोक्यातला आजार आहे, मला काय ठाऊक नाही? पण प्रार्थना रंगात आली की जीभ दावं तोडलेल्या वासरागत सुटते.

२२ जानेवारी, बुधवार

गौहरकडं गेले. सांगायलाच गेले होते. तिनं चहा ठेवला. म्हणाली, "हे काम फरहतचं. माझ्या नणंदेबिगर ठाऊक कुणाला हाय? तुमाला हाय, पण तुमी तर घरच्या."

चहा प्याले. गप्प प्याले आणि उठून आले.

२४ जानेवारी, शुक्रवार

साखरबाईला बाजारात गाठलं. मेथी निवडत होती. "मी कुठं वाईट सांगितलं, एस्तेरबाई? भिगवणला लेकीला फोनवर म्हटलं, तूबी त्या पोरीसाठी प्रार्थना कर. लेकीनं शेजारणीला सांगितलं. ती निघाली मोईनची चुलती! त्याला मी काय करू? आन नाव तर तुमीच घेतलं."

खरंच की. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं.

२६ जानेवारी, रविवार

उपासनेत वचन वाचायची पाळी माझी. निघालं तेच — वेदीपाशी दान घेऊन आलास, आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. चौथी शिकलेली मी. पुढचं सगळं वाचन याच पवित्र शास्त्रावर बोट ठेवून शिकले. आज बोट तिथून सरकेना.

दुपारी फरहत मसाला न्यायला आली होती. गौहरनं दारातूनच पिटाळली. "लेकीचं वाटोळं केलंस, आन मसाला पायजे व्हय!" ती रस्त्यात उभी राहून रडली. "भाभी, अल्लाची कसम, मी न्हाय."

मी खिडकीत होते. पडदा ओढून घेतला मी! काय बाई ही मी.

३० जानेवारी, गुरुवार

सभा ठेवली नाही. गुडघा धरलाय असं कळवलं — हे आणखी एक खोटं.

बारामतीला पाळकसाहेबांना फोन केला. म्हणाले, "एस्तेरबाई, देवापाशी कबूल करा, झालं. उगाच गल्लीत वाद नको. आणि रविवारची भाकर तेवढी विसरू नका." दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते इंदापूरला प्रभुभोजनाला येतात. एकोणीस वर्षं ती भाकर माझ्या हातची.

कणीक चाळून ठेवली आहे. देव क्षमा करील, त्याचं काही नाही. पण रडते आहे ती फरहत. तिला काय सांगू, देवाशी माझं मिटलंय म्हणून?

१ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

तोंड उघडलं तोच गौहरनं यंत्र चालू केलं. मिरचीचा खकाणा, कानठळ्या. पुन्हा सांगितलं, ओरडून — "फरहत न्हाय, मी!" तिनं बटण बंद केलं. आत आसिया धने पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

सगळं सांगितलं. सभा, अकरा बाया, तो शब्द.

गौहरनं हातावरची मिरची झटकली. मग म्हणाली, "तुमच्या देवाला मनातलं ऐकू येत न्हाय व्हय, मावशी?"

तिनं दाराकडं हात केला.

"नणंदेला दारातनं हाकललं मी. आन तुमी माझा चहा पीत बसला. जावा."

२ फेब्रुवारी, रविवार

भाकर साखरबाईनं केली. कडक झाली होती म्हणे. ताट माझ्यापाशी आलं, मी तुकडा न घेताच पुढं दिलं. पाळकसाहेबांनी बघितलं. बघू दे.

३ फेब्रुवारी, सोमवार

नाताळात करंज्या भरून दिलेला डबा गौहरनं परत पाठवला. इतक्या वर्षांत या दोन घरांत भांडं कधी रिकामं गेलं नाही. आज रिकामा. धुऊन, पुसून, रिकामा.

१० फेब्रुवारी, सोमवार

समोर फरहत आली होती. तिचं हसू ऐकू आलं. तेवढं तरी सावरलं. आसिया मात्र दारात दिसत नाही. तिचं नाव रोज घेते — ओठसुद्धा हलवत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गौहर आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "फरहतनं हातापाया पडून मोईनच्या घरच्यास्नी उद्या बसायला तयार केलंय. मी पडले पोरीची आई, माझं बोलणं त्यास्नी पटंना. तुमी चला. पोरीची एकएक फिट तुमी बघितलीय, ते सांगा. आन सैतान कुणाच्या तोंडातनं निघाला, तेबी सांगा." मोईनची आई, ती चुलती, साखरबाईची लेक — सगळ्या असणार.

"येते," म्हटलं.

पायरी उतरताना मागं न बघताच म्हणाली, "तितं मात्र मोठ्यानं बोला."