टॉर्स्टनने स्वतःला दिलेले दोन मार्क

प्रिय मार्लिस मावशी,

ब्रिटाचा तुला आणि व्हर्लिन काकांना नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? ("बरा आहे" असं लिहू नकोस. मागच्या वेळी बरा आहे म्हणालीस तेव्हा तू जिना बसून उतरत होतीस.) आमची तान्ही इंगा बरी आहे, म्हणजे छातीत अजून घरघर आहे, पण हसते. मी पण बरी. खरं सांगू? घाबरलेय. आणि चिडलेय. दोन्ही एकदम होतं का गं कुणाचं? माझं झालंय.

टॉर्स्टनचं, माझ्या नवरोबाचं, कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. त्यात चौघा पोरांनी मिळून खऱ्या गिऱ्हाइकासाठी खरंच काहीतरी बनवायचं असतं. तुला माहीतच आहे म्हणा, कारण गिऱ्हाईक म्हणजे आपले काका, आणि वस्तू म्हणजे तुमच्या गोठ्यातलं ते दार, ज्यातून लहान वासरू आत शिरून निवांत दूध पितं आणि दांडगी बाहेर राहतात. दार अख्खा हिवाळा चाललं. मला वाटलं, झाला पास. पण नाही! दाराचे मार्क वेगळे आणि शिकण्याचे वेगळे. कोण किती शिकला ते ज्याचं त्याने लिहायचं, स्वतःला पाचापैकी मार्क द्यायचे, आणि गिऱ्हाइकानेही आपलं मत द्यायचं.

आता तूच सांग, आपल्या मिनेसोटात शेतकऱ्याच्या पोराला स्वतःला मार्क द्यायला सांगायचं, ही काय रीत झाली? भांड्यातला शेवटचा घास घ्यायचा नाही आणि स्वतःचं कौतुक करायचं नाही, हे त्याला आईने दुधाबरोबर पाजलंय. (लग्नात पाद्रीबाबांनी विचारलं, ही तुला पसंत आहे का, तर "हो, चालेल" म्हणाला. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आठवतं?) त्याने स्वतःला दोन मार्क दिले. काय शिकलास, याच्यापुढे लिहिलं, "बिजागरी आधी चुकली. मग बसली." संपलं! अगं, ती बिजागरी थंडीत गोठायची, वासराची मान आत अडकायची, आणि हा पेंढ्यात उताणा पडून खालून बघायचा. पाणी खाली साचतं म्हणून गोठतं, हे त्याने शोधलं, आणि मग ती वरून टांगली. मला जेवताना काटे-चमचे टांगून दाखवायचा. हे शिकणं नाही तर काय? आणि त्यांच्यातला तो शिकागोचा ब्रेडी! त्याने दाराला नाव सुचवलं, आणि बूट शेणात गेला म्हणून उरलेला दिवस गाडीत बसून राहिला. पण पानंच्या पानं लिहिली, मी नेतृत्व शिकलो म्हणून. स्वतःला पाच दिले, आणि मिळाले पण!

वरून काकांनी काय लिहिलं? "वाईट नाही." आपल्याला कळतं गं. काका नव्या ट्रॅक्टरलासुद्धा एवढं बोलले नव्हते. पण शिकवणाऱ्या डिएंजेलो बाई न्यू जर्सीच्या. तिकडे आवडलं की माणूस आवडलं म्हणतो. त्यांना वाटलं गिऱ्हाईक नाराज, पोरगा स्वतःच म्हणतोय दोन, मग नापास. म्हणजे डिग्री नाही, जूनमधली नोकरी नाही, नोकरीबरोबर मिळणारा दवाखान्याचा विमा नाही, आणि विम्याशिवाय इंगाच्या छातीचं काय करू मी? टॉर्स्टन म्हणतो, "असू दे, बाईंना कशाला त्रास." मी म्हटलं, तुझं असू दे, माझं नाही असू देत.

मग मीच बाईंकडे गेले. अर्ध्यात शाळा सोडलेली मी, कडेवर इंगा, खांद्यावर तिने ओकलेलं दूध. पण तोंड सुटलं. म्हटलं, बाई, तुम्ही कोण किती शिकलं ते मोजत नाही, कोण किती बोलतं ते मोजता. आमच्याकडे जो बोलतो त्याच्या हाती कुणी फावडंसुद्धा देत नाही. तो नापास, तर मग ते दार पास कसं झालं? ते काय आपोआप उगवलं गोठ्यात?

बाई रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बरं, मग तू सांग. तुझ्या नवऱ्याचं काम कसं आहे?"

मावशी, हीच वेळ होती. सगळं ओठांवर होतं, पेंढा, बर्फ, काटे-चमचे. आणि तोंडातून काय निघालं? "ठीक आहे. वाईट नाही." इंगासुद्धा वळून माझ्याकडे बघायला लागली.

बाई हसत सुटल्या. मग म्हणाल्या, शुक्रवारी मीच येते गोठ्यात. टॉर्स्टनने दार खोलून दाखवायचं, कुठे चुकलं, का चुकलं, आणि गिऱ्हाइकाने तोंडाने सांगायचं. मी निघताना म्हटलं, ब्रेडीलाही आणा. बुटांसकट.

तुझी,
ब्रिटा

ता.क. शुक्रवारी काकांनी "फार छान" म्हणायचं आहे. मोठ्याने, बाईंकडे बघून. तुझ्या पाया पडते, आत्तापासून त्यांच्याकडून गाईंसमोर सराव करून घे. "फार" नाहीच जमलं तर नुसतं "छान" चालेल.

ता.क. बाईंना कॉफी विचार, पण एकदाच. त्या आपल्यासारखं आधी दोनदा "नको" म्हणत नाहीत, पहिल्यांदाच "हो" म्हणतात. दचकू नकोस.

ता.क. हे पत्र टॉर्स्टनच्या हाती लागू देऊ नकोस. त्याच्याबद्दल चांगलं लिहिलंय. वाचलं तर त्याला वाटेल, मला काहीतरी मोठा आजार झालाय.