पिंगळ्याच्या डोळ्यांचा रंग

मामंजी, तुमच्याशी मी पहिल्यांदा बोलले तेव्हा लग्न होऊन बरेच दिवस झाले होते. तेव्हा अमेरिकेत लढाई पेटली होती आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. तुमचे दोघे मुलगे अकोल्याला अडतीवर. अमरावतीच्या घरात तुम्ही, सासूबाई आणि मी. शाळेसाठी तुम्ही प्राण्यांचं एक इंग्रजी पुस्तक मराठीत करत होता, आणि नजर अधू होत चालली होती. एका सकाळी माजघराच्या दाराशी येऊन विचारलंत, "सूनबाई, मोर्शीले वडलांनी तुमाले अक्षरं शिकवली म्हणे?" मी नुसती मान हलवली. तुम्हाला ती दिसली नसावी. सासूबाईच म्हणाल्या, "सुनेनं सासऱ्यापुढे तोंड उघडाचं? लोक काय म्हनतीन?"

"लोक वाचून देतीन काय मले?" तुम्ही म्हणालात.

इंग्रजी अक्षरं तुम्हीच पाटीवर मोठी काढून शिकवलीत. शब्द मला कळत नसत. मी एकेक अक्षर सांगायची आणि तुम्ही डोळे मिटून ती जोडायचात. मग म्हणायचात, "हा ग्रीक आहे. तोडा याले." लेपिडॉप्टेरा असाच तुटला: लेपिस म्हणजे खवला, टेरॉन म्हणजे पंख, फुलपाखरं आणि पतंग त्या जातीचे. "पंखाले खवले कुठून आले?" मी बोलून गेले आणि जीभ चावली. पण तुम्ही रागावला नाहीत, म्हणून मी समईखाली मरून पडलेला पतंग उचलून आणला आणि त्याच्या पंखाची भुकटी तुमच्या बोटावर ठेवली. कितीतरी वेळ तुम्ही ती अंगठ्याने चोळत होता. "लिहा," म्हणालात, "खवलेपंखी."

दिवाळीनंतर यजमान तुम्हाला अकोल्याला गोऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेले. परत आलात ते पाय न धुताच कोश मागितलात. डॉक्टरने सांगितलेला शब्द ग्लॉकोमा. मी पान शोधते आहे, अक्षरं सांगते आहे, तुम्ही जोडता आहात. मूळ शब्द रंगाचा निघाला, निळसर करडा. "आपला वैद्य काचबिंदू म्हणतो, तोच हा," तुम्ही म्हणालात. "ग्रीकांनी घुबडाले नाव देलं तेही याच रंगावरून, डॉक्टर सांगे. आपला पिंगळाही रंगावरूनच." आणि हसलात.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "रंगाचं राहू द्या. बरं होते का, इचारलं?"

"इचारलं. उशीर झाला म्हणे."

दुसऱ्या दिवशी माझ्या हातातलं जात्याचं दळण त्यांनी काढून घेतलं. "जाय," म्हणाल्या, "वाचून दे त्याइले."

पुढे तुम्हाला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, तरी काम थांबलं नाही. पुस्तक पक्ष्यांपर्यंत आलं आणि तुम्ही तापाने गेलात. ते कोणी छापलं नाही. लढाई संपली, भाव कोसळला, मुलगे घरी परतले. कागदांकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एक सांगते. आल्यागेल्याला तुम्ही कौतुकाने सांगायचात की सूनबाईंना शब्दांची फार गोडी. गोडी मागाहून लागली, मामंजी. सुरुवातीला मी येत होते ते एवढ्यासाठी, की त्या घरात मला 'बसा' म्हणणारे तुम्ही एकटेच होता.