त्याच्या जागी आई

३ नोव्हेंबर
पोचलो. काय हा उकाडा! दोघांसाठी म्हणून ठरवलेल्या खोलीत आता सासूबाई घोरताहेत. नवरा जूनमध्येच दुसरीकडे राहायला गेला – दुसरीकडे म्हणजे दुसरीकडेच – आणि आई मात्र माझ्याकडेच राहिल्या. खोलीचे पैसे परत मिळणार नव्हते. "पोराने अक्कल गहाण टाकली म्हणून आपण खोली वाया घालवायची का," म्हणाल्या, आणि पेन्शनमधून स्वतःचं तिकीट काढलं.

पलंग एकच. भिंतीकडे तोंड करून रडले. मधेच मागचं घोरणं थांबलं होतं.

४ नोव्हेंबर
काही नाही. झोपून होते.

५ नोव्हेंबर
आईंनी ओढूनच बाहेर काढलं. इथे नदीवर बससारख्या होड्या चालतात. धक्क्याला नीट टेकतसुद्धा नाहीत, उडी मारायची! मी घाबरून उभी, आणि आई पदर खोचून माझ्याआधी आत. जन्मभर बालवाडी चालवली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही माणसाशी त्याच आवाजात मराठी बोलतात. होडीवाल्याला म्हणाल्या, "हळू रे बाळा." त्याने खरंच वेग कमी केला! जूननंतर पहिल्यांदा हसले. मग उगाचच चोरी केल्यासारखं वाटलं.

८ नोव्हेंबर
प्रेमात पडलेय. या शहराच्या! दुपारी पाऊस हजेरी लावून जातो. दुकानदार ताडपत्री ओढतात, सगळे तिच्याखाली उभे राहतात, कोणी कुरकुरत नाही. आज एका भाजीवालीने टोपली सरकवून आम्हाला जागा करून दिली. आमच्या गल्लीत प्रत्येक पायरीवर रंगाच्या जुन्या डब्यांतून झाडं. समोरची इस्त्रीवाली पहिल्या मजल्यावरून दोरीने गाठोडी खाली सोडते. वरच्या मजल्यावर कोणीतरी रोज पिपाणीवर एकच धून चुकीची वाजवतं. आईंना ती आता पाठ झालीय, चुकीसकट.

घरी जिना उतरले की शेजारणी मान वाकडी करून बघतात. मी काम करते त्या लॅबमध्ये रक्त द्यायला आलेला माणूससुद्धा माझीच तब्येत विचारतो. इथे मी कोणाचीच टाकलेली नाही. एका म्हातारीबरोबर फिरणारी बाई आहे, बस्स.

११ नोव्हेंबर
त्याचा फोन आला, आईंना. नवं घर मोठं आहे, तुझी खोली वेगळी काढलीय, परत आलीस की थेट इकडेच ये. आईंनी साडी वाळत घालताना मला जसंच्या तसं सांगितलं. मी "बरं" म्हटलं, न्हाणीघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रडले.

कुठल्या तोंडाने थांबवू? सून म्हणून? ते नातं तर कोर्टात संपायला निघालंय. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यांचे गुडघे दुखतात. आणि कसाही असला तरी पोटचा मुलगा आहे. पण सकाळी त्यांच्या खोकल्याने जाग येणार नसेल तर त्या घरात उठायचं तरी कशाला!

१३ नोव्हेंबर
होडीत पाण्याकडे बघत आईंनी विचारलं, "परत गेल्यावर माझं काय करायचं म्हणतेस?"

राहा – अगदी ओठांवर आलं होतं. पण भिडेने माणूस जे बोलतो तेच बोलले. "तुमची मर्जी, आई. तुम्हाला सोयीचं असेल तसं."

"खरंय. सोयीचंच बघायला हवं," म्हणाल्या. मग होडीवाल्यालासुद्धा काही बोलल्या नाहीत.

१४ नोव्हेंबर
दिवसभर उगाच होडीने इकडून तिकडे. हे शहर सोडवणार नाही.

१७ नोव्हेंबर
विमानतळावर लिहितेय. आईंनी माझेही कपडे घडी करून भरले. इथे बसल्यावर सांगितलं – होडीत मला विचारलं त्या संध्याकाळीच त्याला हो म्हणून कळवलं. माझा बांध फुटला. चार माणसांत म्हटलं, "आई, जाऊ नका. माझ्याकडे राहा."

त्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. "विचारलं तेव्हा का नाही म्हणालीस गं? मला वाटलं, तुला सुटायचंय. त्या संसारातली अडगळ मीच तेवढी उरलेय."

म्हटलं, मग आता नाही म्हणा त्याला. मान हलवली. "त्याला नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही. जमलं असतं तर तो असा निघाला नसता."

एकमेकींना ओझं नको म्हणून दोघी शहाणपणाने वागलो, आणि हे होऊन बसलं. आत्ता शेजारी डोळे मिटून बसल्यात. म्हणाल्या, पुन्हा येऊ गं इथे, आपण दोघी. मी हो म्हटलं.

६ मार्च
एकटीच आले. आईंना तो पाठवेना, गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. तीच खोली मागून घेतली. उकाड्याने जीव नकोसा झालाय. नदीला वास येतो, होडीत डिझेलचा धूर. पाऊस आला तेव्हा कोणाचा तरी कोपर बरगडीत बसला. परवाच्या परतीच्या विमानात जागा आहे म्हणतात.

हे शहर मला कधी आवडलंच नव्हतं.