ड्रायर घेतला, बाबा

बाबा, शेवटी ड्रायर घेतला. कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी काढायची मशीन. तुम्ही असता तर आधी हसला असता, हवा सुकवायले मशीन लागते काय वं आता, आणि मग तिच्याभोवती चार चकरा मारून पत्र्याला हात लावून पाहिला असता.

तुमच्याकडे आरसा होता. कळमेश्वरच्या शेडमध्ये आल्याबरोबर कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक खोलायचा, तांबूस पाणी फुसफुसत निघून जाईपर्यंत उभं राहायचं, आणि मग दाढीच्या आरशावर रंगाच्या गनमधून नुसती हवा मारायची. थेंब दिसले की कोणी रंगाला हात लावायचा नाही, हवेत पाणी म्हणजे रंगावर फोड. मी शाळा सोडून तुमच्यामागे आले तेव्हा पहिलं हेच शिकवलं. अजून तुम्ही तिथे वाकलेले दिसता, एक डोळा बारीक, आरसा उजेडाकडे. "पाह्य, कोरडा हाये," म्हणता, आणि मगच चहा.

ड्रायर विकणारे दोघं आले. पहिल्याच्या मशीनला दोन उंच नळकांडी, आत पाणी शोषणारे दाणे. अशी कोरडी हवा औषधाच्या कंपन्या घेतात म्हणाला. मी म्हटलं, मी दवाखान्याचे पलंग रंगवते, गोळ्या नाही बनवत. वरून ते दाणे परत सुकवायला ती माझीच हवा खाणार. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. दुसऱ्याची मशीन फ्रिजसारखी, हवा थंड करून पाणी गाळणारी. ती पटली. पण त्याने कॉम्प्रेसरला जेमतेम पुरेल एवढीच काढली होती. मी विचारलं, "मे महिन्यात या टिनाखाली उभे राह्यले का कधी? इथं माणूस थंड होत नाही, तुमचं डबडं काय होईन?" तो कागद उलटसुलट करत बसला. शेवटी कबूल झाला, एवढ्या गरमीत तिचा दम कमी पडेल. मग एक नंबर मोठी घेतली आणि रंग पकवायच्या भट्टीपासून दूर, मागच्या सावलीतल्या भिंतीला बसवली. हे तुम्हाला सांगायचं होतं. हे ऐकून खूश होणारं दुसरं कोणी उरलं नाही.

घेतली काहून, ते मात्र कोणाला सांगितलं नाही. आताचा पेंटर रोज सकाळी म्हणायचा, हो ताई, खोलला कॉक. मला पटायचं नाही. स्वतः जाऊन आरसा धरायची. तो चिडायचा, माझ्यावर भरोसा नाही का म्हणून. भरोसा कसा ठेवू. एक हो काय करतो, मला माहीत आहे.

तुम्ही कन्हानला मयतीला गेला होता तो दिवस आठवा. झड लागलेली, धंतोलीच्या एका दवाखान्याचे पलंग रंगवायचे, आणि शेड माझ्यावर. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या रंगावर घामोळ्यांसारखे फोड. तुम्ही एकदाच विचारलं, "कॉक खोलला होता का वं?" मी हो म्हटलं. तुम्ही पुन्हा विचारलं नाही. सरळ रंगवाल्याच्या दुकानात गेलात, ज्याच्यासोबत रोज एका डब्यात जेवायचे त्याला चार माणसांत भेसळवाला म्हणालात. दोन दिवस पलंग घासले, माझ्याशी एक शब्द वाकडा नाही. पण त्याच्याशी बोलणं सुटलं ते सुटलंच. तुमच्या मयतीला तो आला होता. मागे उभा राहिला, माती दिली, कोणाशी न बोलता गेला. त्या भांडणानंतर दुपारी तुम्ही एकटे डबा खात असायचे, अर्धी भाकर तशीच परत आणायचे, आणि मी ती गायीला घालायची.

आज नव्या मशीनच्या हवेवर तुमचा आरसा धरला. एक थेंब नाही. पाह्य म्हणायला कोणी नव्हतं, तरी धरून उभी राहिले.

बाबा, मी कॉक खोलला नव्हता. घाईत होते. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला म्हणते. खरं म्हणजे तेव्हाही हो म्हटलं असतं. आता विचारा.