वर कोणी राहत नाही

प्रिय खारूताई,

परवा फोनवर तू तीनदा विचारलंस, "आई, गप्प का आहेस?" आणि तिन्ही वेळा मी "इस्त्री तापलीय गं" म्हणून वेळ मारून नेली. इस्त्री तापलेली नव्हती. त्यात कोळसेसुद्धा घातले नव्हते. फोनवर हे मला बोलता येणार नाही. म्हणून दुकानाचं फळकूट लावून घेतलंय आणि इस्त्रीच्या टेबलावरच लिहायला बसलेय. अक्षराकडे बघू नकोस.

बाबा बरे आहेत. चक्कर येत नाही. मीठ-साखरेचं पाणी पुढे केलं की तोंड वाकडं करतात, म्हणजे बरेच आहेत. परवा खाली बसल्या बसल्या समोरच्या गवंड्याला विटा कशा लावायच्या ते शिकवत होते. तो बिचारा वीस वर्षं तेच काम करतोय. मात्र गेले दोन दिवस ते माझ्याशी बोलत नाहीत. का, ते पुढे सांगते.

मी बरी नाही, बाळा. मला काही झालेलं नाही, पण मला भीती वाटते. गल्लीत कोणी अनोळखी माणूस कागद घेऊन शिरला की मी दुकानातून मागे सरकते, इतकी की पाठ भिंतीला लागते. परवा डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाची कॉलर जाळली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्या हसून म्हणाल्या, "होतं कधीतरी." माझ्या नाकातून मात्र तो जळका वास जाईना.

बटणमावशी गेली त्या दिवशी तू धावत आलीस. तिच्या उशाशी बसलीस. लहानपणी तिच्या सुया ओवून द्यायचीस ना, म्हणून तिचे हात हातात घेऊन बसलीस. मग माझ्याकडे बघून म्हणालीस, "आई, ती परत आल्याचं मला कळायला हवं होतं. यादी मी दर महिन्याला तपासायला हवी होती. माझी चूक आहे." आणि मी काय केलं? तुझ्या कपात चहा ओतत राहिले. कप भरून बशीत सांडला तरी ओतत राहिले. तुला वाटलं, आई दुःखात आहे.

तुझ्या काकाचं घर आठवतं का तुला? तू सातवीत होतीस. नाल्याकाठी त्यांची ओळ होती. तिथे माणसं मोजायला आली होती. चांगली होती हो, काकूच्या हातचं पाणी प्यायली, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, नाला रुंद करायचा आहे, पुराचं पाणी तुमच्या घरात येऊ नये म्हणून, तुमच्याच भल्यासाठी. दारांवर नंबर घातले. काकूला केवढा आनंद! तिला वाटलं, नंबर मिळाला म्हणजे आपण पक्के झालो. दार पुसायची तेव्हा नंबरावरून फडकं हलकं फिरवायची, रंग जाऊ नये म्हणून. तीन महिन्यांनी मशीन आलं. तू त्यांची भांडी डोक्यावर घेऊन आपल्याकडे आणत होतीस, रडत होतीस आणि "मोजली कशाला मग?" असं विचारत होतीस. पुराचं पाणी आता तिथे खरंच कोणाच्या घरात शिरत नाही. घरंच नाहीत, तर शिरेल कुठे!

तुझ्या त्या प्रश्नातूनच तू या याद्यांच्या कामाला लागलीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून गेल्या हिवाळ्यात उन्हाळ्याच्या योजनेसाठी माणसं मोजायला पिवळी जाकिटं घातलेल्या दोन मुली गल्लीत आल्या, तेव्हा त्या तू पाठवलेल्या आहेत हे मला कळलं होतं. पत्र्यांना पांढरा रंग, उन्हाच्या दिवसांत गार हॉल, एकट्या म्हाताऱ्यांच्या दारावर रोज कोणीतरी जाऊन बघणार. किती मायेनं सांगितलं होतंस तू! पण त्या यायच्या आदल्या दिवशी सायकलवाल्यानं, गल्लीत सगळे त्याचंच ऐकतात ना, सगळ्यांना नळापाशी बोलावलं. म्हणाला, खालच्या अकरा खोल्या दाखवायच्या. वरच्या खोल्या बिनपरवान्याच्या आहेत. एक जरी कागदावर आली तरी अख्खी ओळ जाईल. वर माल ठेवतो, माणसं राहत नाहीत, एवढंच सगळ्यांनी बोलायचं. वरच्या खोल्या तुझ्या बाबांनीच बांधलेल्या. त्यांनी मान खाली घातली. आपल्या दुकानावरच्या खोलीतली मावशी तेवढी हसली. दातात दोरा धरून म्हणाली, "मी नाहीच असं समजा. तसंही कोण समजतंय!" आणि दुसऱ्या दिवशी त्या मुली गल्लीच्या तोंडाशी दिसताच तिनं आपली शिडी स्वतःच्या हातानं वर ओढून घेतली.

एका मुलीनं दुकानात येऊन छताच्या झडपेकडे बघितलं. "वर कोण राहतं, काकू?" मी म्हणाले, "कोणी राहत नाही. कपड्यांची गाठोडी आहेत." तेवढ्यात वरून एक बटण पडलं. फरशीवर टणटणत माझ्यापर्यंत आलं. मी त्यावर पाय ठेवला. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मी तिच्या. मग तिनं टॅबवर बोट फिरवलं आणि ती गेली. बराच वेळ मला पाय उचलता येईना.

आता त्या दिवसाचं. उन्हाचा पाचवा दिवस होता. पत्रा असा तापला होता की खाली उभं राहिलं तरी डोक्यावर कोणी तवा धरलाय असं वाटत होतं. तुझी माणसं गाडी घेऊन आली, यादी वाचत वाचत. तुझ्या बाबांना भोवळ येत होती. त्यांना दोघांनी धरून गाडीत बसवलं. गाडीवरच्या बाईनं कागद बघून पुन्हा विचारलं, "वर कोणी नाही ना?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. वरून कात्रीचा आवाज येत होता, कट्, कट्. तिला ऐकू आला नाही, कारण तिला काय ऐकायचं ते ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "नाही."

मी मनाशी ठरवलं होतं की यांना हॉलवर टेकवायचं, अर्ध्या तासात परत यायचं आणि मावशीला आपल्या खोलीत खाली आणून ओल्या चादरीत झोपवायचं. देवाशप्पथ, हेच ठरवलं होतं. पण तुझा तो हॉल, बाळा! ओले पडदे, स्वच्छ खाटा, गार पाण्याचे पिंप. सगळं तू म्हणाली होतीस तसंच. बाबांचा श्वास नीट लागला, रंग परतला. मी बाकावर पाठ टेकली, क्षणभर म्हणून. चार रात्री उकाड्यात झोप नव्हती. माझा डोळा लागला. तीन तास मी झोपले. गार वाऱ्यात, शांतपणे.

परत आले तर शिडी खाली सोडलेली होती. म्हणजे ती उतरायला निघाली होती. झडपेच्या कडेला पडलेली सापडली, एक हात खाली लोंबत होता. तिनं हाक मारली असेल का, हे मी रोज स्वतःला विचारते. मारली असेल तर कोणाला? यादीतले सगळे गारव्यात होते आणि यादीबाहेरचे आपापल्या झडपा लावून गप्प बसले होते. गल्लीत ओ द्यायला कोणी नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले, ते लिहिते. मोजणीच्या त्या आठवड्यात तुझा फोन आला होता. आमच्या वर कोणी राहत नाही, ही कागदावरची नोंद तुला खटकली होती. तू विचारलंस, "आई, मावशी आता तिथे नसते का गं?" मी म्हणाले, "भाच्याकडे गेली राहायला." तू म्हणालीस, "तू सांगतेयस म्हणजे झालं," आणि रोज बघायच्या म्हाताऱ्यांच्या यादीतून तिचं नाव खोडलंस. ती गेल्यावर पुन्हा खोटं बोलले, चार दिवसांपूर्वीच परत आली म्हणून. ती कुठेही गेली नव्हती. तिला भाचाच नव्हता, खारूताई. तुला खरं कळलं असतं तर तुला ते लिहावं लागलं असतं, नाहीतर नोकरी धोक्यात घालून लपवावं लागलं असतं. म्हणून मी तुला दोन्हीतून वाचवायला गेले आणि तिला मारलं, तुलाही बुडवलं. मावशीच्या मृत्यूबद्दल गुरुवारी जी चौकशी आहे, तीत तुझ्यावर ठपका ठेवणार, असं पेपरात आलंय. मी येणार आहे. सायकलवाला म्हणतो, "वहिनी, गेलेलं माणूस परत येत नाही, पण घरं मात्र जातील." तुझे बाबा म्हणाले, "माझ्या हातच्या भिंती आहेत," आणि तेव्हापासून गप्प आहेत. दोघंही चुकीचं बोलत नाहीत. म्हणून मी तिथे दोन गोष्टी सांगणार आहे. पहिली ही की खोटं मी बोलले, यादी करणारीनं नाही. दुसरी ही की आम्हाला उन्हापेक्षा तुमच्या वहीची भीती जास्त वाटते. मोजलेल्या घराला हात लावणार नाही, असं सहीशिक्क्यानिशी आधी लिहून द्या, मग आम्हीच दारात उभं राहून एकेक माणूस मोजून देऊ. पण मी घाबरट आहे, हे तुला आता कळलंच असेल. ऐन वेळी मी दारातूनच मागे फिरेन, कदाचित गल्लीतले मला निघू देणार नाहीत. मी दिसले नाही तर हे पत्र तूच मोठ्यानं वाच आणि फाइलला लाव. आई म्हणून यातली एक ओळही झाकू नकोस. माझ्यावर खूप राग धर. तो माझा हक्काचा आहे.

लिहून झालं तरी भीती तसूभर कमी न झालेली, पण तुझीच,

आई