गर्द निळा लॉट

ता. २ फेब्रुवारी

चि. गप्प्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मोठ्या माणसाने मध्ये हात घातला की लहानांचं भांडणसुद्धा त्यांचं राहत नाही, असं आई एकदा म्हणाली होती. बसमध्ये खिडकीच्या जागेवरून आपली जुंपली होती, तेव्हा. बाबांनी मला बाजूला सारून तुला खिडकीशी बसवलं. तू पाच वर्षांचा. जागा मिळाली तर गप्प बसावं की नाही? तू आणखीच भोकाड पसरलंस, अशी नको मला, म्हणालास आणि खाली उतरलास. बाबा चिडले, आणि आई ते बोलली.

आज ते आठवायचं कारण असं, की मी आमच्या गिरणीतल्या युनियनच्या अध्यक्षपदाला उभी आहे. हसू नकोस. तुझे भावोजी पोटभर हसून झाले आहेत. घरात इतकी वर्षं बिनविरोध आहेसच, आता बाहेर मतं मागून बघ, म्हणतात. आम्हा घडी खात्यातल्या बायकांना वाटतं, दिवसभर उभं राहून कापडाचे ताके तपासणाऱ्या बाईचं दुखणं बाईनेच मांडावं. समोर रंगखात्याचे रंगारीदादा आहेत. मी नवीन लागले तेव्हा डागाळलेला ताका हातानं कसा ओळखायचा ते त्यांनीच मला शिकवलं. माणूस तोंडाने फटकळ, पण सरळ.

मतदान चौदा तारखेला, दुपारी दोन ते पाच, कँटीनमध्ये. त्या दिवशी रंगखातं गर्द रंग चढवत नाही. फिकट रंग दुपारपर्यंत आटोपतात आणि माणसं मोकळी होतात. हे कुठे लिहिलेलं नाही, पण बाबांच्या वेळेपासून चालत आलंय.

तू मुख्य कचेरीत बसून आमच्याच कामाचे तक्ते आखतोस, म्हणून एवढंच सांगते. तिथे कुणी माझा विषय काढला तर तू आपल्या नावाला जाग. मालकांनी आमच्या निवडणुकीत पडू नये आणि मालकांच्या माणसानेही पडू नये. वहिनीला आशीर्वाद, पिल्लाला पापा. माया आहेच, ती अशीच राहो.

तुझी,
ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून ऊर भरून आला. मी शिकावं म्हणून तू सतराव्या वर्षी त्या घडीच्या टेबलाशी उभी राहिलीस. आता तुलाही एक खुर्ची मिळावी, असं मला वाटणार नाही तर कुणाला?

इथे तुझं नाव सर्वांना माहीत आहे. कामगार अधिकारी परवा मुद्दाम माझ्या टेबलापाशी आले आणि तुझी बहीण फार समंजस आहे, असं म्हणाले. मी गप्पच होतो, शपथ. तू निश्चिंत राहा, सगळं नीट होईल. पिल्लू विचारतं, आत्या जिंकली की गिरणीचा भोंगा तिला वाजवायला मिळेल का?

तुझ्या आशीर्वादाचा भुकेला,
गप्प्या

ता. २२ फेब्रुवारी

चि. गप्प्यास,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, पण न लिहिण्याइतकी मी निर्दयही नाही. तर आशीर्वाद.

मी जिंकले. तेवीस मतांनी. बायकांनी मला अक्षरशः उचलून गेटपाशी नेलं. रंगखात्यात बावन्न माणसं आहेत, त्यांतली चारच मतदानाला आली होती. आणि मी काय केलं माहीत आहे? सगळ्यांसमोर बोलताना म्हणाले, की रंगारीदादांसाठी त्यांच्या स्वतःच्या खात्यालासुद्धा बूड हलवावंसं वाटलं नाही. खूप हशा झाला. दादा मागे उभे होते. त्यांनी नुसते दोन्ही हात वर करून दाखवले. कोपरापर्यंत निळे होते. मला वाटलं, हार मानतायत. मी वर टाळ्या वाजवल्या.

आज सकाळी माझ्या टेबलावर गर्द निळ्याचा लॉट आला. ताक्याच्या चिठ्ठीवर तारीख होती चौदा. टाकीत सोडल्याची वेळ सकाळची अकरा, काढल्याची संध्याकाळची सहा. गर्द निळा एकदा चढवला की सात तास टाकी सोडून हलता येत नाही. हललं की कापडावर पट्टे उमटतात आणि सगळा लॉट जातो. हे गिरणीतल्या मांजरालाही माहीत आहे! त्या दिवशी एक नाही, सगळ्या टाक्यांत गर्द निळा होता. आणि त्या रंगाचा माल पाठवायचाय एप्रिलमध्ये.

ताक्यांवर एक पट्टा नाही, गप्प्या. बोट फिरवून फिरवून पाहिलं. दादांनी स्वतःचं मतसुद्धा टाकलं नाही, पण कापड बिघडू दिलं नाही. आणि मी त्यांना हसले.

रंगखात्याच्या मुकादमाकडे गेले आणि कुणी सांगितलं हे, म्हणून विचारलं. तो म्हणाला, मुख्य कचेरीतून आदल्या दिवशी बदललेला तक्ता आला. फळ्यावर लावला होता, दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढून नेला. जाता जाता त्याने हळूच सांगितलं, की आकडे हाताने खोडून लिहिले होते आणि सातच्या पोटात आडवी रेघ होती.

सातच्या पोटात रेघ मारायला आपल्याला बाबांनी शिकवलं. तुझ्या कचेरीत तशी आणखी किती जण मारतात, ते मला उलट टपालाने कळव.

ताई

ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मीच मारतो.

खोटं बोलणार नाही. कामगार अधिकारी म्हणाले, गर्द निळा चौदाला घ्या. बाकी काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती, तारीख मला ठाऊक होती. तूच कळवली होतीस. मी एकाचंही मत फिरवलं नाही, ताई, एका लॉटचा दिवस फिरवला. आयुष्यभर तू माझ्यासाठी केलंस, एकदा मला संधी आली आणि मी ती घेतली. यात इतकं काय वाईट झालं? तू कदाचित तशीही जिंकली असतीस. रंगारी आला असता तर महिन्याभरात गेटला टाळं लागलं असतं, असं इथे सगळे म्हणतात. तू चारचौघांचं ऐकून घेतेस, तुझ्यामुळे तुमच्या बायकांचंच भलं होईल.

आता हे उकरू नकोस. झालं गेलं गंगेला मिळालं. मी जूनमध्ये कायम होणार आहे, पिल्लाची शाळा यंदाच सुरू झाली आहे. रागव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा,
गप्प्या

ता. ६ मार्च

चि. गप्प्यास आशीर्वाद. वि. वि.

झालं गेलं गंगेला मिळत नाही, गप्प्या. ते माझ्या टेबलावर येतं, आणि मला बोट फिरवून तपासावं लागतं.

मी कदाचित तशीही जिंकले असते, म्हणतोस. तेच तर तू माझ्याकडून घेतलंस! आता ते कळायचा मार्गच उरला नाही. मागच्या आठवड्यात बायकांना बसायला बाकं मागायला मी तुमच्या कामगार अधिकारी साहेबांकडे गेले. साहेबांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली, या तर आपल्याच बाई, असं म्हणाले आणि बाकं पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. मी भांडायला तोंड उघडलं तर ते हसत होते. ज्याने आपल्याला खुर्चीत बसवलं, त्याच्यासमोर भांडून दाखव तू एकदा. तुमच्या कचेरीत समंजस म्हणतात ना मला? संतापाने अंगाची लाही होते तो शब्द आठवला की. माणसाला विकत घ्यायचं तर निदान त्याला विचारून तरी घ्यावं.

मी रंगखात्यात गेले आणि सगळ्यांसमोर दादांची माफी मागितली. टाक्यांच्या वाफेत कुणाचं तोंड धड दिसत नव्हतं, ते बरंच झालं. त्यांनी आधी मला यथेच्छ झापलं. हातानं डाग ओळखायला शिकवलं होतं, माणसं ओळखायला शिकवायचं राहून गेलं, म्हणाले. मग स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, मी हरलो असतो तरी चाललं असतं गं पोरी, पण माझ्या माणसांनी मला हरवायला हवं होतं.

आम्ही दोघं मिळून निवडणूक घेणाऱ्या मास्तरांकडे गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. राजीनामा दिलास तर पुन्हा मतदान घेईन, म्हणाले. पण मालकांनी ढवळाढवळ केली असं लिहायचं, तर कागद हवा. ताक्याच्या चिठ्ठीवरून एवढंच कळतं, की त्या दिवशी निळा रंग चढवला. तो का चढवला आणि कुणी सांगितलं, ते कळत नाही. कागद नसेल तर पुढच्या खेपेला पुन्हा असाच एखादा लॉट येईल.

राजीनामा मी लिहून ठेवला आहे. खाली कारणाची जागा कोरी ठेवली आहे.

तक्त्याची कार्बन प्रत तुझ्या टेबलाच्या खणात असणार. तू एक कागद फाडून टाकत नाहीस, लहानपणच्या पतंगांचे कागदसुद्धा तू जपून ठेवले होतेस. जून मला माहीत आहे. पिल्लाची शाळा मला माहीत आहे. वहिनी हे पत्र वाचून माझं तोंड बघणार नाही, हेही माहीत आहे. तू काय उत्तर लिहिशील, ते मी आत्ताच बसून लिहून दाखवीन, तुझ्या अक्षरात.

पण त्या दिवशी बसमध्ये तू खाली उतरला होतास. पाच वर्षांचा होतास आणि खिडकी तुला फार हवी होती. आता मला उतरायचंय, आणि वाटेत तू उभा आहेस.

माया कमी होणार नाही, तू काहीही केलंस तरी. ती प्रत मला पाठव. मागे तुझी सही करून पाठव.

तुझी,
ताई